सिनेटर मेरिवेदरची बिनपाण्यानं

"शनिवारी मी सिनेटर मेरिवेदरची अशी बिनपाण्यानं करणार आहे, की तो केंटकी सोडून जो पळत सुटेल, तो पाणी प्यायला टेनेसीतसुद्धा थांबायचा नाही!"

ही गर्जना ऑर्बिन स्टिडमनं न्याहारीला बसल्या बसल्या केली. एका हातात मक्याच्या पावाचा तुकडा होता, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली होती, आणि श्रोतृवृंदात बायको वर्डी एकटीच होती.

"आधी तो तुकडा तोंडात घाल," वर्डी म्हणाली. "रस्सा बाहीवरून कोपरापर्यंत पोचला."

"रस्सा जाऊ दे! इथे देश चाललाय वाहून!"

"देशाचे कपडे मला धुवायचे नसतात, ऑर्बिन. तुझे असतात."

ऑर्बिननं तुकडा तोंडात घातला, पण मूठ काही सोडली नाही.

प्रकरण खरंच गंभीर होतं. दर उन्हाळ्यात लॉरेल फोर्कच्या देवळाच्या पटांगणात पक्षाचं वनभोजन होई. तळलेली कोंबडी, घेवड्याची उसळ, सात-आठ जणींनी ईर्षेनं केलेले बटाट्याचे प्रकार, आणि जेवण चालू असतानाच भाषणं. निवडणुकीचं वर्ष असलं की एका फळीवर काचेच्या बरण्या मांडून ठेवत. प्रत्येक बरणीवर राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या एकेकाचं नाव. माणशी घेवड्याचा एक दाणा मिळे. आवडेल त्या बरणीत टाकायचा. कायद्याच्या दृष्टीनं या दाण्यांना उसळीतल्या दाण्यांइतकीच किंमत! पण ज्याची बरणी भरे त्याच्यामागे पुढे सगळा जिल्हा जाई, आणि वर्तमानपत्रवाले बरण्यांचे फोटो काढायला डोंगर चढून येत.

ऑर्बिन पक्षाचा जिल्हा चिटणीस. तो उठून चार शब्द बोलला की बरणी भरली, असा आजवरचा शिरस्ता. यंदा त्याचा माणूस होता गव्हर्नर ओकली. सरळ, काटकसरी, एका बायकोत सुखी, शब्दाला पक्का. खोट एकच होती. ओकली बोलायला लागले की स्वयंपाकघरातला फ्रीज चालू झाल्यासारखं वाटे. आवाज येतोय एवढं कळे, काय म्हणताहेत ते कुणी विचारात घेत नसे.

आणि समोर सिनेटर डग्लस मेरिवेदर! उंचापुरा, चंदेरी केसांचा, दात असे की उन्हात हसला तर गुरं बुजावीत.

"आम्ही जुन्या वळणाची माणसं," ऑर्बिन सगळ्यांना ऐकवी. "देव, घर, आणि सरकारचा हात आमच्या खिशाबाहेर. एवढंच मागतो. हा बाबा कर कमी करीन म्हणून गेला आणि चार वेळा वाढवून आला! शेतकऱ्यांसमोर बंदुका हव्यात म्हणतो, शहरातल्या पैसेवाल्यांसमोर नको म्हणतो. पहिली बायको सोडली, दुसरी सोडली, आता तिसरीला घेऊन कुटुंबसंस्थेवर भाषणं देतो! ज्यानं घरातली शपथ पाळली नाही, तो देशाची काय पाळणार?"

यात खोटं काही नव्हतं, आणि ऑर्बिन हे मनापासून बोले. पण त्याचा सख्खा मेव्हणा, वर्डीचा भाऊ एल्डन फ्यूगेट, नेमका मेरिवेदरच्या नादी लागलेला. टोपी मेरिवेदरची, सदऱ्यावर बिल्ला मेरिवेदरचा, आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टासुद्धा मेरिवेदरचा.

"मेव्हण्या, माणूस जिंकणारा हवा," एल्डन म्हणे. "तुझ्या ओकलीला मत द्यायला मी निघालो, तरी वाटेत त्याचं नाव विसरेन."

म्हणून ऑर्बिननं आठवडाभर गोठ्यात भाषणाची तालीम केली. कारकिर्दीवर आधी, चारित्र्यावर नंतर. गाईनं पहिले दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दूध आटलं.

आता ऑर्बिनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा माणूस गात्या प्रवचनांवर वाढला होता. त्या डोंगरातल्या जुन्या बाप्टिस्ट पंथाच्या देवळांत प्रवचन लिहून आणत नाहीत. म्हातारा प्रवचनकार उभा राहतो, घसा खाकरतो, आपण किती नालायक आहोत ते सांगतो, साधंसं बोलू लागतो. आणि बोलता बोलता त्याचा आवाज पायऱ्या चढायला लागतो. बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं, ते त्यालाही कळत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास सोडताना 'हाऽ' उमटतो. लोक उठतात, रडतात, एकमेकांचे हात हातात घेतात, वर्षभर न बोललेले शेजारी गळ्यात पडतात. ज्यानं हे एकदा मनापासून ऐकलं, त्याला पुढे वाद्यांची गाणी अळणीच लागतात. ऑर्बिन स्वतः देवळाचा सेवेकरी. कधीमधी त्यालाही उभं करत, आणि तो गायला लागला की बायका आधीच रुमाल काढत.

या प्रवचनांचा एकच कडक नियम. पाप्याला पापात सोडून खाली बसायचं नाही! किती का बुडवा, शेवटी हाताला धरून घरी आणलाच पाहिजे. ऑर्बिनचे गुरू ब्रदर टॅकेट एकदा घेरी येऊन पडले, तेही बायबलातल्या उधळ्या मुलाला बापाच्या दारात पोचवल्यावरच.

तर, शनिवार उजाडला. ऑर्बिन कडक इस्त्रीच्या सदऱ्यात मांडवात शिरतो, तो काय! पहिल्या रांगेत, मधोमध, हातात कोंबडीची तंगडी घेऊन साक्षात सिनेटर मेरिवेदर! शेजारी एल्डन, लग्नातल्या नवरदेवासारखा फुललेला.

"पाहुणे आणलेत, मेव्हण्या," एल्डन म्हणाला. "म्हटलं, तू त्यांच्याबद्दल बोलणार आहेस, तर ऐकून तरी जाऊ दे."

"उत्तम!" ऑर्बिननं दात आवळले. "मी पाठीमागे बोलणाऱ्यातला नाहीच."

सिनेटर उठले, ऑर्बिनचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल फार ऐकलंय!" ऑर्बिननं हात सोडवून घेतला आणि तो पँटला पुसला.

भाषण सुरू झालं. "बंधूंनो, भगिनींनो, सिनेटरांच्या कारकिर्दीकडे पाहिलं असता..." कुणी पाहिलं नाही. लोक बटाट्याकडे पाहत होते. एक पोर भोकाड पसरून रडत होतं. त्यातच कुणीतरी मांडवातले पंखे लावायला जनरेटर चालू केला. तो असा धडधडायला लागला की ऑर्बिनला ऑर्बिन ऐकू येईना.

"मोठ्यानं बोल की!" एल्डन ओरडला. "का दमलास? गव्हर्नर ओकलींनासुद्धा यापेक्षा जोर असतो!"

मांडवभर हशा पिकला. ऑर्बिनची कानशिलं तापली. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि आवाज चढवला. घात तिथेच झाला! जुना बाप्टिस्ट माणूस आवाज चढवतो तो एकाच वाटेनं.

"चार वेळा यानं कर वाढवले, हाऽ! चारही वेळा म्हणाला, वाढवणार नाही, हाऽ!"

चमचे थांबले. रडणारं पोर गप्प झालं. नव्वदीच्या सिस्टर अर्झेला, ज्यांच्या कानाशी एरवी ओरडावं लागे, त्या खुर्चीत ताठ झाल्या. "हो देवा!"

झालं! त्या एका 'हो देवा'नं ऑर्बिनच्या पायांतून वीज गेली.

"शेतावर आला, शेतकऱ्यासारखा बोलला, हाऽ! शहरात गेला, शहरासारखा बोलला, हाऽ! शिकारीचा सदरा घातला, किमतीची चिठ्ठी काढायची विसरला, हाऽ!"

"सांग, ब्रदर ऑर्बिन, सांग!"

"दोन बायकांना देवासमोर वचन दिलं, हाऽ! दोन्ही वचनं वाऱ्यावर सोडली, हाऽ! अरे, घर सोडून भटकणाऱ्या माणसा, तू कुठे चाललास, हाऽ!"

आता लोक उठून उभे राहिले. हातात हात गेले. कुंपणाच्या भांडणावरून कोर्टात गेलेले दोघे चक्क एकमेकांच्या खांद्यावर रडायला लागले. वर्तमानपत्रवाला कॅमेरा खाली ठेवून डोळे पुसू लागला. एल्डनची टोपी हातात आली होती. पहिल्या रांगेत सिनेटर मेरिवेदर तंगडी धरून स्तब्ध बसले होते, आणि ऑर्बिनला मनातून उकळ्या फुटत होत्या. ओकलींची बरणी काठोकाठ भरलेली त्याला डोळ्यांपुढे दिसत होती!

पापं संपली. ऑर्बिननं घाम पुसला आणि साध्या आवाजात म्हणाला, "म्हणून म्हणतो, याला मत देऊ नका. धन्यवाद."

आणि खाली बसायला निघाला.

मांडवात दुसरं कुणीच खाली बसलं नाही. जनरेटर तेवढा धडधडत होता.

"आणि पुढे?" सिस्टर अर्झेलांनी विचारलं.

"पुढे काही नाही, सिस्टर. संपलं."

"संपलं?" म्हातारी काठी टेकत उभी राहिली. "त्या लेकराला तिथेच चिखलात सोडून? घरी आण त्याला, ब्रदर ऑर्बिन!"

"सिस्टर, हे प्रवचन नाही. ही टीका आहे!"

"मग गायलास कशाला?"

"घरी आण! घरी आण!" मागच्या रांगांतून आवाज उठले. भांडणातले दोघे पुन्हा वेगळे व्हायच्या बेतात दिसले.

"अहो, पण त्याला पश्चात्ताप कुठे झालाय?" ऑर्बिननं शेवटचा बचाव केला.

सगळ्या माना सिनेटरांकडे वळल्या. या गृहस्थानं चाळीस वर्षं गर्दीच्या चेहऱ्यांवर संसार केला होता. त्यानं तंगडी खाली ठेवली. हात पुसले. हळूहळू उठला आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलो, ब्रदर ऑर्बिन. बरंच चुकलो."

ऑर्बिनला थांबायचं होतं, अगदी मनापासून थांबायचं होतं. पण इतकी वर्षं देवळात उभा राहिलेला माणूस तो! समोर पापी उभा, डोळ्यांत पाणी, मग ते पश्चात्तापाचं असो की कोंबडीवरच्या मिरपुडीचं. ऑर्बिनचा हात आपसूक पुढे झाला. आणि पुढे आलेला हात मेरिवेदरनं आयुष्यात कधी सोडला नव्हता.

"ये, भावा, ये, हाऽ! दिवा अजून जळतोय, हाऽ! दार अजून उघडं आहे, हाऽ!"

मांडव नुसता फुटला! रडणं, गाणं, मिठ्या. ऑर्बिनही ढसाढसा रडला, आणि ते रडणं खरं होतं. हरवलेला माणूस घरी येतो तेव्हा तो कुणाच्या बाजूचा आहे हे डोळ्यांना कळत नाही. कुणीतरी जुनं भजन उचललं. त्या भजनाच्या चालीवर रांग बरण्यांकडे निघाली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. दाण्यांचा टपटप आवाज गारा पडल्यासारखा येत राहिला.

भजन संपलं, डोळे कोरडे झाले, आणि फळीवर मेरिवेदरची बरणी शिगोशीग भरून दाणे खाली गवतात सांडलेले दिसले.

ऑर्बिन मटकन खुर्चीत बसला.

"मेव्हण्या!" एल्डननं त्याच्या पाठीत असा धपाटा मारला की घोटभर लिंबूपाणी नाकातून आलं. "वर्षभर बिल्ले वाटून मला जमलं नाही, ते तू अर्ध्या तासात केलंस!"

तेवढ्यात सिनेटर स्वतः आले. खुर्ची जवळ ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ब्रदर ऑर्बिन, उद्या शेजारच्या जिल्ह्यात माझी सभा आहे. येऊन माझ्यावर अशीच टीका कराल का?"

"काय?"

"अगदी अशीच. गाडी पाठवतो. आणि एक दुरुस्ती होती. कर मी चार वेळा नाही, पाच वेळा वाढवलेत. तिसऱ्या बायकोचंही थोडं आहे, ते वाटेत सांगेन."

सिनेटर ऑर्बिनचा हात दाबून, पुढचे हात दाबायला निघून गेले.

मांडव रिकामा होऊ लागला. पाठीमागच्या ओढ्यावरून वर्डी धुतलेल्या ताटांची चळत घेऊन आली, ती खाली ठेवली, फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"काय केलंस रे?"

"काही विचारू नकोस." ऑर्बिन उठला, ओकलींच्या बरणीपाशी गेला आणि ती उन्हात धरली. तळाशी एक दाणा होता. एकुलता एक. त्याचा चेहरा जरासा उजळला. "पण हे बघ, वर्डी! सगळा मांडव वाहून गेला, तरी एक माणूस तत्त्वाला धरून उभा राहिला! डोळ्यांत इतकं पाणी होतं की फळी धड दिसत नव्हती, तरी माझा हात चुकला नाही!"

वर्डीनं बरणी त्याच्या हातातून काढून घेतली.

"तो माझा आहे," ती म्हणाली. "ताटं धुवायला ओढ्यावर जातानाच टाकला होता. तुझं भाषण मला ऐकूच आलं नाही."