रिंगखालची जैनबचाची

बास्केटबॉलच्या मैदानावर सगळ्यांत सुरक्षित जागा कोणती, हे जैनबचाचीनं शोधून काढलं होतं. आमचा संघ ज्या रिंगमध्ये चेंडू टाकायची धडपड करी, बरोब्बर त्याच रिंगखाली ती बांगड्यांचं रिकामं लाकडी खोकं उलटं घालून बसायची. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की खोकं उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि पुन्हा आमच्याच रिंगखाली ठाण मांडायची.

पहिल्या वर्षी पुण्याहून आलेल्या पंचांनी तिला हटकलं. "अहो बाई, तिथून उठा. चेंडू डोक्यात बसेल."

"कुणाचा? ह्यांचा?" चाचीनं आमच्याकडं हात केला. "लिवून देते सायेब, न्हाई बसत. हितं चटई टाकून झोपले तरी न्हाई बसत."

पंचांनी अर्धा तास आमचा खेळ पाहिला आणि पुन्हा काही तिला उठायला सांगितलं नाही.

ही ऐंशी सालानंतरच्या दोनतीन वर्षांतली गोष्ट. मी कोळवणहून एस.टी.नं पौडला, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला यायची. कॉलेज नवं होतं आणि नव्या कॉलेजात सगळं असावं म्हणून मुलींचा बास्केटबॉलचा संघही होता. आम्ही जे खेळायचो त्याला बास्केटबॉल म्हणायचं ते केवळ चेंडूवर तसं छापलं होतं म्हणून. मैदान मुरमाचं, रेघा चुन्याच्या, आणि त्या रेघांवरून म्हशी जायच्या. संघात पाचजणी होतो. सहावी कधी मिळालीच नाही. आम्हाला शिकवणारे सर मुळात भूगोलाचे. चेंडू आतल्या दिशेला फेका, असं सांगायचं असलं तरी ते "पश्चिमेकडं, पश्चिमेकडं!" असं ओरडायचे.

आमच्याइतकाच वाईट संघ विभागात आणखी एकच होता, डोंगरापलीकडच्या कॉलेजचा. त्यांना आम्ही 'पलीकडच्या' म्हणायचो. शेवटचे दोन नंबर दरवर्षी आम्ही दोन्ही संघ आपसात वाटून घ्यायचो. त्या आमच्यापेक्षा वाईट खेळतात असं आमचं ठाम मत होतं, आणि त्यांचंही आमच्याबद्दल तेच. दोघांचंही खरं होतं.

आता चाचीचा आणि खेळाचा संबंध काय, ते सांगते. पौडच्या एस.टी. स्टँडमागं तिचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, तीन पायऱ्या, आणि मागं तिची राहायची खोली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आमच्या पहिल्याच सामन्याला पंचांनी फर्मान काढलं, की हातात काच घालून खेळता येणार नाही. आमचे तर हात कोपरापर्यंत भरलेले. ऐन सणासुदीत आयांनी हौसेनं भरून दिलेल्या घट्ट बांगड्या, त्या फोडायला एकही मुलगी तयार होईना. सर सायकल हाणत बाजारात गेले आणि मागं कॅरिअरवर चाचीला बसवून घेऊन आले. तिनं साबणाचा फेस केला, एकेकीचा हात मुठीत धरून असा काही दाबला, की बांगड्या सळसळत खाली आल्या. पाच मुलींच्या बांगड्या, एकसुद्धा पिचली नाही. मग काम झाल्यावर ती सहज म्हणून सामना बघायला थांबली.

शिट्टी झाल्यावर पहिलं काय बोलली असेल, तर, "ह्याच्यासाठी बांगड्या काढल्या व्हय?"

तेव्हापासून एकही सामना तिनं चुकवला नाही. सरावालाही यायची. आमची नावं तिनं कधी पाठ केली नाहीत. ती माणसं मनगटाच्या मापानं ओळखायची. मी 'अडीच' आणि आमची कप्तान सुमन 'सव्वादोन'.

"ए अडीच! पळतीस का दळतीस?"

"सव्वादोन, चेंडू फेक की. अंडी उबवाय घेतलाय काय?"

त्या रिंगवर तर तिचा विशेष राग. "बूड नसलेली टोपली टांगलीया. ह्यांनी चुकून कवा टाकलाच, तर ऱ्हाणार हाय का त्यात?" आणि दर पाच मिनिटांनी कपाळाला हात लावून म्हणायची, "बघवत न्हाई गं बाई, बघवत न्हाई." बघवत नसलेला तो खेळ ती डोळ्यांची पापणी न लववता शेवटपर्यंत बघायची.

आम्हाला तिचा भयंकर राग यायचा. पलीकडच्यांनी चिडवलं तर निदान त्या पलीकडच्या होत्या. ही तर आमच्याकडची! सुमन एकदा थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "चाची, तुला आमचा खेळ आवडत न्हाई, तर येतीस कशाला?"

"तमाशा गावात वर्षातनं एकदाच येतो," चाची म्हणाली. "तुमचा तर दर आठवड्याला हाय."

सुमन आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. चाचीनं ते आठही दिवस तिला आणखी जोरात हाका मारल्या.

दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की यंदा पुन्हा शेवटचा नंबर आला तर मुलींचा संघ बंद. मैदानाच्या जागेत त्यांना सायकलस्टँड करायचा होता. सायकली निदान वेळेवर येतात आणि हरत नाहीत. शेवटचा सामना पलीकडच्यांशी, आमच्याच मैदानावर. जो हरेल तो शेवटचा.

सामना आला तो भाताच्या झोडणीत. आम्ही पाचहीजणी घरी काही ना काही थापा मारून आलो होतो. सुमनची थाप सगळ्यांत जुनी होती. दोन वर्षं ती घरी 'वाचनालयात बसते' असंच सांगत होती. तिच्या वडिलांनी कॉलेजात घालतानाच बजावलं होतं, "शिकायचं तर शिक. उड्या मारताना दिसलीस, तर दुसऱ्या दिवसापासनं गोठा." ते बोलल्याप्रमाणे करणारे होते. तिची थोरली बहीण नववीतून अशीच घरी बसली होती.

सामन्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. आम्ही चेंडू त्यांच्या हातात दिला, त्यांनी आमच्या. त्यांची एक उंच मुलगी होती, ती चेंडू आला की डोळे मिटायची. मध्यंतराला सहा-सहा. चाची खोकं उचलून दुसरीकडं निघाली, तेव्हा पलीकडच्यांच्या सरांना म्हणाली, "तुमच्या बी पोरी आमच्यासारख्याच हायेत. वाईट वाटून घिऊ नगा."

शेवटचं एक मिनिट राहिलं, दहा-दहा झाले होते. सुमनला चेंडू मिळाला आणि ती खरोखरच धावत सुटली. दोन वर्षांत मी तिला इतकं नीट धावताना पाहिलं नव्हतं. रिंगखाली तिनं उडी मारली, आणि त्या उंच मुलीनं डोळे मिटूनच तिला धडक दिली. सुमन हातावर पडली. मुरमावर तो हात कसा वळला, ते मला अजून आठवतं.

पंचांनी शिट्टी मारली. आम्ही पोचायच्या आत चाची पोचली होती. ती तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली, मनगटाभोवती हलकेच बोटं फिरवली, आणि तिचा चेहरा बदलला.

"मी खेळते," सुमन म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

"गप. हाड मोडलंय."

"डॉक्टरांना बघू द्या," सर म्हणाले.

"बघू द्या की. पर मनगटाचं मला नका सांगू."

तिनं डोक्यावरच्या पदराचा काठ टराटरा फाडला, खोक्याची एक फळी उपटली आणि हात बांधला. पंचांनी नियम सांगितला, की दोन मोकळे चेंडू मिळालेत, सुमनच्या ऐवजी कुणीतरी टाकायचे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सुमनकडं पाहिलं. ती मैदानाच्या कडेला चाचीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि माझ्यावरची नजर हलवत नव्हती.

पहिला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. दुसरा कडेवर बसला, फिरला, पुन्हा फिरला आणि आत पडला. उरलेलं अर्धं मिनिट आम्ही चौघीजणी नुसत्या हात वर करून उभ्या राहिलो. पलीकडची मुलगी चेंडू घेऊन घाईघाईनं रेघेबाहेर गेली आणि आम्ही जिंकलो. शेवटून दुसरे आलो! भूगोलाचे सर चारी दिशांना नाचले.

"एकच?" चाची मला म्हणाली. "दोन दिलं हुतं की गं त्यानं."

सरकारी दवाखान्यात सुमनच्या हाताला प्लास्टर घातलं. इतका वेळ ती रडली नव्हती. प्लास्टर वाळायला लागलं तशी रडायला लागली. "आता अप्पांना काय सांगू? संपलं माझं कॉलेज."

सर म्हणाले, मी येऊन समजावतो. ते समजावणार म्हणजे सगळंच संपणार, हे आम्हाला कळत होतं.  चाची दुकानाला कुलूप लावून आली आणि आमच्याबरोबर दुपारच्या कोळवण गाडीत बसली. सुमनचं गाव वाटेतच, फाट्यापासून मैलभर आत होतं.

तिचे वडील खळ्यावर भात झोडत होते. लेकीचा गळ्यात बांधलेला हात बघून त्यांची पेंढी तशीच हातात राहिली. सुमननं तोंड उघडलं, पण त्याआधीच चाची पुढं झाली.

"पाटील, माझी चूक झाली. दुकानाची पायरी धुतली हुती. पोर बांगड्या भराया आली आन् घसरली."

मी सुमनकडं पाहिलं, सुमननं माझ्याकडं. 

मग सुमनचे वडील जे सुटले! "दुकान मांडलंस का पोरींचं हातपाय मोडाया? डोळं फुटलं हुतं का? ह्या हातानं तिनं परीक्षा कशी लिवायची?" शेजारच्या खळ्यांवरची माणसं गोळा झाली, बायका आल्या. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ह्या गावातली एकही बाई यापुढं तिच्या पायरीला पाय लावणार नाही.

मी वाट बघत होते. जिच्या जिभेपुढं पंच टिकले नाहीत, सुमन टिकली नाही, ती आता काय बोलते म्हणून. चाची खाली मान घालून उभी होती. "व्हय," म्हणाली. "चुकलंच माझं." दुसरं काही नाही. निघताना तिनं सुमनच्या आईला हात कसा उशीवर ठेवायचा ते दाखवलं. आईनं ऐकून घेतलं, पण पाणी विचारलं नाही.

पुढचं आताच सांगून टाकते. सुमन दीड महिन्यानं कॉलेजात परत आली. वडीलच तिला सोडायला आले होते, कारण तिची परीक्षा बुडू नये याची आता त्यांनाच काळजी लागली होती. संघ आणखी एक वर्ष टिकला आणि आम्ही त्या वर्षी पुन्हा शेवटचे आलो. त्या गावच्या बायका मात्र शब्दाला पक्क्या निघाल्या. संक्रांतीला, लग्नसराईला त्या बांगड्या भरायला पार पिरंगुटपर्यंत जायच्या, पण चाचीची पायरी चढल्या नाहीत.

त्या दिवशी चाची आणि मी परत फाट्याकडं चालत निघालो. ऊन उतरलं होतं. 

"चाची, खोटं का बोललीस?"

"मग खरं सांगू? चेंडूमागं पळत हुती म्हनून? उद्यापासनं पोर शेणात."

"पण तुझं गिऱ्हाईक..."

"जाऊ दे." ती थोडं पुढं गेली आणि थांबली. "ती न्हाई आली तर तुमी चौघी. चौघींत नवा सामना सुरू करत्यात का?"

"नाही."

"मग?" ती चिडून म्हणाली, जणू मीच काही चुकीचं बोलले होते. "दुकानात दिसभर बाया येत्यात. हात म्होरं करत्यात आन् आपसात बोलत्यात. बांगड्या भरल्या की उठून जात्यात. माझ्या तोंडाकडं कोन बघतंय? सांच्याला दार लावलं की चुलीसंगं बोलायचं. तुमी पोरी निदान चिडता माज्यावर. ती सव्वादोन तर भांडायला येती." मग एकदम, "चल पाय उचल. लई झालं बोलनं."

फाट्यावर पोचलो तर कोळवणची गाडी समोरून येतच होती. माझी रोजची गाडी.

"जा तू," चाची म्हणाली. "मी बसते हितं. हीच गाडी माघारी येईल, तीत जाते."

मी चढले, खिडकीत बसले. दोन वळणं गेली असतील, कंडक्टर तिकिटासाठी आला, तेव्हा मी विचारलं, "ही परत पौडला किती वाजता जाते?"

"सकाळी सहाला. मुक्कामाची गाडी हाय ही." तो हसला. "रोज येताय की ओ ताई. म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. चढताना मला सुचलं नव्हतं एवढंच, आणि स्टँडमागंच राहणाऱ्या चाचीला तर ते पाठच होतं. मी उठून मागच्या काचेकडं गेले. खाली भातखाचरांना वळसा घालून जाणारा रस्ता दिसत होता. चाचीनं चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि ती पौडच्या दिशेनं भराभर चालत होती.