वीबेच्या अंगात जोर येतो

वीबेला एवढा थकवा असायचा की बुटाची एक नाडी बांधून झाली की दुसरीच्या आधी त्याला जरा टेकावं लागे. स्नेक या कालव्यांच्या डच गावाच्या पालिकेत तो बोटींचे परवाने तपासायचा. (हे काही दमण्यासारखं काम नव्हे, असं त्याची बायको नीन्के म्हणे, आणि त्यावर वाद घालायचंही त्याच्यात त्राण नसे.) त्यात मूल होत नव्हतं. नीन्केने तपासणीचा विषय काढला की वीबे सायकलीत हवा भरायला बाहेर पळे. शेवटी आधी अंगात जोर आणावा म्हणून तो गुपचूप एका खासगी डॉक्टरकडे गेला.

"टेस्टोस्टेरॉन फारच कमी आहे," रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले. "जेल देतो, रोज खांद्याला चोळा. मुलांचा विचार?"

"झालाय," वीबेने जांभई दिली.

त्याच्या मते झालाय म्हणजे ठरलाय. डॉक्टरांच्या मते, आटोपलाय.

जेलने कमाल केली. वीबेने कुंपण रंगवलं. मग शेजारणीचंही रंगवलं, तिला न विचारता, निळं. नीन्के चक्रावली. "कोणी भेटलीय का रे तुला?"

"वेडी का तू? चल, करूनच टाकू ती तपासणी!" वीबे म्हणाला आणि छाती काढून नीन्केसोबत निघाला.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नमुन्यात एकही शुक्राणू नाही."

"नीट बघा. लाजत असतील."

"काही औषध घेता?"

"टेस्टोस्टेरॉनचं जेल!" वीबे ऐटीत म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "अहो, बाहेरून आयता माल येतोय म्हटल्यावर शरीराने स्वतःचा कारखाना बंद केला! मूल हवंय ना तुम्हाला?"

"म्हणजे मी दर महिन्याला रडत होते," नीन्के हळू आवाजात म्हणाली, "आणि तू कुंपणं रंगवत होतास."

परतताना ती सायकलवरून पुढे निघून गेली. कालव्याच्या पुलावर मात्र थांबली होती. वीबे धापा टाकत पोचला.

"दोष माझ्यातच आहे हे कळलं," तो म्हणाला. "सांगायची लाज वाटली."

"मग ती तरी सांगायचीस. वाटून घेतली असती."

जेल बंद झालं. कारखाना जागा करायची इंजेक्शनं नीन्के त्याच्या पोटात टोचू लागली. जुना थकवा सामानसुमान घेऊन परत आला. आता दोघंही दमलेली असत, पण एकाच सोफ्यावर.

असे बरेच महिने गेले. सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसून केक खात असताना वीबेचा फोन वाजला. "सुरू झालेत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडे आहेत, पण पोहतायत."

"पोहतायत!" वीबे ओरडला.

सासूबाईंनी टाळी वाजवली. "बाळ? अगं बाई! कितवा महिना?"

"बाळ नाही हो, आई," वीबे पुटपुटला. "शुक्राणू."

कॉफीचे चमचे थांबले. नीन्केने हसत हसत डोळे पुसले आणि त्याचा हात घट्ट धरला. तेवढ्यात नीन्केचे विसराळू हर्मेनमामा उठले. आनंदाची बातमी आली की घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, ही रीत मामांनी जन्मात मोडली नव्हती. ते खुर्चीखुर्चीपाशी जाऊन हात मिळवू लागले. "जावयाच्या शुक्राणूंबद्दल अभिनंदन. भाचेजावयाच्या शुक्राणूंबद्दल अभिनंदन."

सगळं वर्तुळ संपवून ते वीबेसमोर आले. त्याला नीट न्याहाळून त्यांनी विचारलं, "आणि तुमचं काय? तुम्ही कोणाकडून आलात?"