तेराशे एकोणपन्नासचा पैसा

वीरप्पांच्या दुकानात गूळ घ्यायला गेलेल्या माणसाला घरी परतायला उशीर व्हायचा, आणि त्याला कारण गूळ नसायचा. गिऱ्हाइकानं दिलेला प्रत्येक पैसा वीरप्पा आधी दाराशी नेत, चष्मा कपाळावर सारून उन्हात धरत, त्यावरचं साल वाचत आणि मगच तागडीला हात लावत. घाई असलेली माणसं पैसे घरूनच घासूनपुसून आणत.

तामलवाडी सोलापूरच्या रस्त्यावर, इंग्रजांची हद्द हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गल्ल्यात इंग्रजांचा कलदार पैसाही यायचा आणि निजामाचा हालीही. कलदाराकडं वीरप्पा ढुंकून बघत नसत. हाली पैसा मात्र आपल्या मुलखाचा, आणि त्यातला दरेक सालचा एक आपल्या घरात असलाच पाहिजे, हे त्यांचं वेड. पैशावरचं हिजरी साल उर्दू आकड्यांत असे. ते वाचता यावं म्हणून पन्नाशी उलटल्यावर ते करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या मुन्शीसमोर पाटी घेऊन बसले होते.

सोलापुरी कापडाच्या गठ्ठ्यांतले पुठ्ठे कापून त्यांनी स्वतः अल्बम बांधला होता. एका सालाला एक गोल खाना, मागून खळीनं चिकटवलेला पातळ कागद, खाली लाल शाईत साल. अकरा वर्षांत सगळे खाने भरले, एक सोडून. तेराशे एकोणपन्नास काही केल्या हाताला लागत नव्हतं.

ते लागलं सोमवारी, हरिबा धनगराच्या कनवटीला. वीरप्पांनी त्या एका पैशाचे त्याला दोन पैसे दिले. हरिबानं ते घेतले आणि शेटचं डोकं फिरलं म्हणून वेशीपर्यंत सांगत गेला. वीरप्पांनी मात्र पैसा चिंचेनं घासून लख्ख केला, खान्यात बसवला आणि थेट नाका गाठला. तिथले मोठे अधिकारी अमीनसाहेब हैदराबादचे. असा सलग अल्बम आपण बड्याबड्या घरांतही पाहिला नाही, पुरा झाला की पहिल्या पानावर आपल्या हातानं शेरा लिहू, असं त्यांनी कबूल केलं होतं. गुरुवारी संध्याकाळी येतो म्हणाले. त्या दिवशी परतताना वीरप्पा रस्त्याच्या मधोमध चालत आले.

बुधवारी ते माल आणायला सोलापूरला गेले. रात्री जेवणाआधी अल्बम उघडला, तर एकोणपन्नासच्या खान्यातून मागचा कागद दिसत होता.

"लक्ष्मम्मा आलती तुळजापूरची," त्यांच्या बायकोनं, इरम्मानं, भाकरी थापता थापता सांगितलं. लक्ष्मम्मा म्हणजे तिची मावसबहीण. "जाताना वटी भरली. खण व्हता, नारळ व्हता, पैसा न्हवता. लढाईपायी चिल्लर कुणाच्या घरात हाय? अन् गल्ल्याची किल्ली तुमच्या कमरंला."

"मग दुसरा घ्यायचा का न्हाई? तेवढे खाने भरलेत."

"सगळे काळेमिट्ट. सवाष्णीच्या वटीत मळका पैसा घालायचा व्हय? त्यो एकच चकचकीत व्हता."

चिंचेनं पैसा कुणी घासला होता, हे आठवून वीरप्पांनी ताट पुढं ओढलं. ओटीत घातलेला पैसा परत मागायची सोय नव्हती. तसं केलं असतं तर दोन्ही घरांत पुढची दहा वर्षं तेच निघालं असतं. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, की शेंगा द्यायच्या निमित्तानं जायचं, दुसरा पैसा पुढं करायचा आणि बोलता बोलता बदलून घ्यायचा.

सकाळी सोलापूरहून तुळजापूरला जाणारी सर्व्हिस मोटार आली. घाईत तिकिटाचे पैसे दिले, कंडक्टर बलभीमनं परत दिलेले तीन पैसे न बघताच कोटाच्या खिशात कोंबले. अकरा वर्षांत न बघता पैसा खिशात घालायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

लक्ष्मम्मा हरखली. शेंगा घेतल्या, चहा केला आणि पैशाचा विषय वीरप्पांनी काढण्याआधीच निघाला. ओटीत इतका सुंदर पैसा आला, की तो घरात खर्चायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून काल सांजच्यालाच नागूबाई आराधिणीच्या परडीत घातला, असं ती कौतुकानं सांगत होती. वीरप्पांनी चहा बशीत तसाच ठेवला.

नागूबाई देवळाच्या पायऱ्यांशी परडी घेऊन बसली होती. देवीच्या माणसाकडं रिकाम्या हातानं कसं मागायचं, म्हणून वीरप्पांनी आधी खिशातले तिन्ही पैसे न बघताच परडीतल्या पिठावर सोडले, कपाळाला हळदकुंकू लावून घेतलं, आणि मग कालच्या चकचकीत पैशाची चौकशी केली.

"कालची चिल्लर पहाटं सोलापूरला जाताना बलभीम घेऊन गेला," नागूबाई म्हणाली. "त्यो रोज चवली देऊन मोड नेतो माझ्याकडनं. मोटारीवर चिल्लर लागती न्हवं."

वीरप्पा मोटार अड्ड्यावर धावले. साठीला आलेला, धोतराचा सोगा हातात धरून पळणारा शेट तुळजापुरानं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. बलभीम मोटारीच्या सावलीत बिडी ओढत बसला होता.

"चकचकीत पैसा?" तो म्हणाला. "त्यो तुमालाच दिला की सकाळी. म्हनलं, शेटला पैशाची आवड हाय, चांगला बघून द्यावा."

वीरप्पा तिथंच मोटारीच्या पायरीवर बसले. अकरा वर्षं शोधलेला पैसा दहा कोस स्वतःच्या खिशात घालून त्यांनी आणला होता, आणि स्वतःच्या हातानं घालवला होता. ते पुन्हा देवळाशी गेले. या खेपेला धावले नाहीत.

नागूबाईनं सगळं ऐकून घेतलं. परडीत हात घालून पैसा काढलाही. पिठानं माखलेला, तरी लखलखत होता. वीरप्पांनी दोन आण्यांची चवली पुढं केली.

"शेट, दुसऱ्या कुनी घातला असता तर बदलून दिला असता," ती शांतपणे म्हणाली. "ह्यो तुमी सोताच्या हातानं वाहिला. वर कपाळाला कुक्कू लावून घेतलं. देवीला दिलेलं माघारी घेतेत व्हय?"

वीरप्पांनी कपाळाला हात लावला. बोटाला कुंकू लागलं. बाई खरं बोलत होती, आणि त्यांना त्या खरेपणाचा मनस्वी राग आला. पण ते शब्दाचे पक्के होते. दिलेलं परत मागणारा म्हणून घराण्यात कुणाचं नाव नव्हतं, ते आपल्यापासून सुरू व्हायला नको, असं म्हणून त्यांनी चवलीही परडीत टाकली आणि परतीची मोटार धरली.

संध्याकाळी अमीनसाहेब आले. ओसरीवर सतरंजी, भोवती निम्मं गाव. साहेब एकेक पान उलटत, साल वाचत, मान डोलवत होते. एकोणपन्नासपाशी बोट थांबलं. इरम्मा दाराआड पदर धरून उभी होती. वीरप्पांनी तिचं नाव घेतलं नाही.

"साहेब, ते साल मिळालं व्हतं," ते ताठ बसून म्हणाले. "देवीला वाहिलं म्या."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग त्या रिकाम्या खान्याकडं. टाक मागवला आणि पहिल्या पानावर उर्दूत सावकाश ओळ लिहिली. मुन्शीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. "अल्बम पुरा आहे. एक नाणं तुळजापुरात." वीरप्पांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर पुसले.

पुढं आल्यागेल्याला वीरप्पा तो अल्बम पहिल्या पानापासून नव्हे, एकोणपन्नासच्या खान्यापासून दाखवू लागले.

महिन्याभरानं हरिबा आला, धनगरांचे सगळे वाडे पालथे घालून मिळवलेला एक पैसा घेऊन. वीरप्पांनी तो दाराशी नेला, चष्मा वर सारला, दोनदा वाचला. तेराशे एकोणपन्नासच होतं. मग त्यांनी इरम्माला हाक मारली आणि तो ओटीच्या डब्यात टाकायला सांगितलं.

"अवो, खाना तर रिकामा हाय की तुमचा," हरिबा म्हणाला.

"भरला तर साहेबांचा शेरा खोटा पडंल," वीरप्पा म्हणाले, आणि त्यांनी हरिबाच्या हातावर या खेपेला पैशाचा एकच पैसा ठेवला.