खांबेटे डॉक्टरांचे पाठमोरे कपाट

शके अठराशे अठ्ठावन्न, माघ महिन्याचा शुद्ध पक्ष. स्थळ भोर, संस्थानची राजधानी. त्यातही नीरेच्या अलीकडचा डॉक्टर खांबेटे यांचा चार खाटांचा खाजगी दवाखाना. या काळी व या स्थळी गुंजवण्याच्या बाजीची बायको फुलाबाई उताणी पडून आढ्याकडे पाहत होती. खाटेच्या पायथ्याकडील दोन्ही पायांखाली विटा रचल्या होत्या, त्यामुळे तिची पावले डोक्यापेक्षा उंच गेली होती. पोटातल्या बाळाला बाहेर यायचेच असेल तर त्याने चढण चढून यावे, असा डॉक्टरांचा एकंदर बेत दिसत होता.

बाळाला सातवा महिना लागला होता. फुलाबाईला माहेरी, वरव्याला नेत असता बैलगाडीच्या हिसक्यांनी कळा सुरू झाल्या आणि नसरापुराहून तिला सर्व्हिस मोटारीत घालून थेट भोरला आणावे लागले. मागच्या खेपेचे मूल असेच सातव्यात हातचे गेले होते. म्हणून डॉक्टरांनी "हिला नववा भरेपर्यंत इथून हलवायचे नाही" असे बजावले, आणि बाजीकडे वळून "तू मात्र काहीएक करू नकोस" असे सांगितले. भाताची आवणी, गवताची कापणी, बैलाला नाल ठोकणे, यांपैकी कोणतेही काम बाजीने आनंदाने केले असते. काहीएक न करणे हे काम त्याला कोणी शिकवले नव्हते.

त्याची आई सोजराबाई ही उणीव फार काळ राहू देणारी बाई नव्हती.

"काय सांगितलं रं डाक्तरनं?"

"निजून ऱ्हायला. हलायचं न्हाई."

"त्ये तिला. आपुन काय करायचं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई कसं? बाई अडली म्हंजी आपुन काय करतो?"

"गाठी सोडतो. कुलपं काडतो. कणगीची झाकनं उघडतो."

"का?"

"वाट मोकळी व्हावी म्हनून."

"मंग हिची वाट मोकळी व्हायला पायजे का बंद?"

बाजी थबकला. उघडल्याने जर मूल येते, तर बांधल्याने ते थांबलेच पाहिजे. या अनुमानात न्यायशास्त्र्याने दोष काढला असता की नाही, हा प्रश्न निराळा. सोजराबाईला तो सापडला नाही, आणि आईला जो सापडत नाही तो शोधायला जाण्याची बाजीला सवय नव्हती. शिवाय आईने त्याच्या हाती काथ्याच्या दोरीचे वेटोळे दिले होते, आणि हाताला काम मिळताच त्याच्या छातीवरचे ओझे निम्मे उतरले होते.

दुपारपर्यंत दवाखान्याची रया गेली. फाटकाला तिपेडी गाठ बसली, त्यामुळे खोकल्याचे रोगी गडग्यावरून उड्या मारून येऊ लागले आणि आत पोहोचेतो त्यांना दमही लागू लागला. पोहरा रहाटाला जखडला गेला. डॉक्टरांची छत्री उघडेना. कंपाउंडर सावळाराम हातात डॉक्टरांची छाती तपासायची नळी घेऊन आला, तेव्हा तिचे दोन्ही कान एकमेकांना गाठलेले होते.

"साहेब, ही सुटत नाही."

"सोजराबाई!" डॉक्टर गरजले. "हा दवाखाना आहे!"

"म्हनून तर येवडं करतीया. घरी आसतो तर गोटा सुदिक बांदला आसता."

औषधांच्या कपाटाचे कुलूप किल्लीसह कडीत लोंबकळत असे. सोजराबाईने ते दाबून लावले, किल्ली पदराच्या टोकाला बांधली, त्या गाठीवर दुसरी गाठ मारली आणि पदर कमरेला खोचला.

इतके होऊनही प्रकरण आटोक्यात राहिले असते. परंतु सायंकाळच्या सुमारास शेजारच्या खाटेवर धोंडाबाई नावाची पूर्ण दिवसांची बाई आली, आणि ती अडली. तिच्यासोबत तिची सासू सगुणाबाई होती. सगुणाबाईने दवाखान्यावर एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारला.

"आगं बया! ह्ये कुनी बांदलं? माज्या सुनंचा जीव घ्यायचा हाय का?"

तिने फाटकापासून सुरुवात केली. ती एक गाठ सोडी. तिच्या मागोमाग सोजराबाई ती पुन्हा मारी. दोघींच्या मागून बाजी दोरी घेऊन चाले, आणि ज्या बाईचा आवाज मोठा तिचे ऐके.

"बाई, माज्या सुनंच्या वाटंत गाठी कशाला मारता?"

"तुमच्या वाटंत न्हाई, माज्या वाटंत मारली. दवाखान्याला वाटच येक, त्याला म्या काय करू?"

"माजी सकाळधरनं वरडतीया!"

"वरडंना का! माजी वरडली तर सात म्हैन्यांचं भाईर यील!"

अखेर तह झाला. खोलीच्या मधोमध कोळशाने रेघ ओढण्यात आली. पूर्वेचे सारे बंद, पश्चिमेचे सारे उघडे. पूर्वेची खिडकी लागली, पश्चिमेची सताड उघडली. सावळारामाने कोटाची पूर्वेकडील गुंडी लावून पश्चिमेकडील काढावी, अशीही सूचना आली. तहात एकच कलम सुटले होते. औषधांचे कपाट नेमके रेघेवर उभे होते.

आणि याच वेळी फुलाबाईला पुन्हा कळ आली.

तिने दात आवळले, खाटेची कड घट्ट धरली आणि बाजीकडे पाहिले. मागच्या खेपेला तिने असेच पाहिले होते. बाजीच्या हातातली दोरी गळून पडली. डॉक्टर सुई उकळायला सांगून कपाटाकडे धावले आणि कुलपाशी येऊन थांबले.

"किल्ली द्या, सोजराबाई."

"न्हाई द्यायची. कपाट उघडलं की पोट उघडंल."

"अहो, कळा थांबवायचं औषध कपाटात आहे! ते दिलं नाही तर कळा थांबणार नाहीत!"

"आन कपाट उघडलं तर औषिदानं थांबल्याल्या पुना सुरू हुत्याल. मंग तुमी काय करनार?"

"परत औषध देईन!"

"म्हंजी परत कपाट उघडनार!"

डॉक्टर मुंबईस शिकले होते. तेथे या प्रश्नाची तयारी करून घेतलेली नव्हती. त्यांनी हातोडा मागवला. सोजराबाई दोन्ही हात पसरून कपाटापुढे उभी राहिली. "फोडा, फोडा! माजी तरी सुटंल," असे सगुणाबाई पश्चिमेकडून ओरडू लागली.

"आये, दे की गं किल्ली," बाजी म्हणाला.

"तुजं पोर वाचवतीया म्या, मुडद्या!"

"आवं, भांडताय काय!" खाली डोके, वर पाय अशा अवस्थेतून फुलाबाई कडाडली. सासूसमोर ती एवढ्या मोठ्याने आजवर बोलली नव्हती. "त्याची पाठ काडा की! पाठीला काय कुलूप हाय का?"

बाजीने कपाटाला मिठी मारून ते भिंतीपासून फिरवले, फटीत पहार घातली आणि मागच्या दोन फळ्या एका हिसक्यात उपसल्या. डॉक्टरांनी आत खांद्यापर्यंत हात घातला. पुढच्या अंगाला कुलूप जसेच्या तसे होते. सोजराबाईने ते दोनदा ओढून पाहिले आणि मगच बाजूला झाली.

सुई टोचली गेली. हळूहळू फुलाबाईची मूठ सैल झाली, कळा विरल्या आणि ती झोपली. रेघेच्या पलीकडे धोंडाबाई मोकळी झाली, मुलगा झाला.

"बगितलं? कुलूप ऱ्हायलं म्हनून थांबलं," सोजराबाई म्हणाली.

"फळ्या निगाल्या म्हनून सुटली," सगुणाबाई म्हणाली.

"औषधाने थांबले," डॉक्टर म्हणाले. परंतु त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

त्यानंतर फुलाबाईचा मुक्काम तेथेच राहिला. सगुणाबाई नातू घेऊन गेली, रेघ पुसली, आणि सोजराबाईने डॉक्टरांशी उदारपणे तडजोड करून फाटक, रहाट व छत्री सोडून दिली. कपाटाचे कुलूप तेवढे राहिले. डॉक्टर रोज "उद्या लोहार बोलावून हे तोडतो" म्हणत. तो उद्या उगवला नाही. फुलाबाईच्या कळा पुन्हा आल्या नव्हत्या, हेही खरे. कपाट तोंड भिंतीकडे करून, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याप्रमाणे उभे राहिले आणि औषधे पाठीतून निघू लागली. कोणी कारण विचारलेच तर डॉक्टर "असे सोयीचे पडते" एवढेच म्हणत.

गुढ्या उभ्या राहिल्या, शक बदलला, विटा निघाल्या. चैत्राच्या उत्तरार्धात एका सकाळी फुलाबाईला खऱ्या कळा सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी तिला आतल्या खोलीत हलवले. सोजराबाईने लुगड्याच्या निऱ्यांखेरीज भोवतालचे सारे सोडले, मग पदराची गाठ दातांनी सोडून किल्ली काढली.

"बाजी, कपाट फिरव!"

बाटल्यांनी भरलेले कपाट फिरवायला वेळ गेला. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. अडीच महिन्यांत ते गंजून गेले होते.

"त्याल आन!"

बाजीने एरंडेल ओतले. किल्ली फिरेना. सावळारामाने पिळली, बाजीने पिळली, सोजराबाईने कुलपाला शिव्या दिल्या. तिघेही घामाघूम झाले असता आतल्या खोलीतून एक खणखणीत रडणे ऐकू आले. डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"मुलगी. उत्तम आहे. दोघीही उत्तम."

डोळे पुसताना बाजीच्या हाताचे एरंडेल गालभर लागले, तेही त्याला कळले नाही. थोड्या वेळाने त्याने कुलपाकडे पाहिले.

"आये, कुलूप तर बंदच हाय की."

सोजराबाईला क्षणभर उत्तर सुचले नाही. ही घटना गुंजवण्यात आजही कोणाला खरी वाटत नाही. मग तिने कपाटाच्या मागे जाऊन पाहिले.

"पाठ उघडी हाय न्हवं? झालं तर!" आणि ती डॉक्टरांकडे वळली. "पर डाक्तरसाब, तुमी येवडं शिकल्यालं. येवडे दीस कुलूप का न्हाई तोडलं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वेळ मिळाला नाही," ते म्हणाले.

फुलाबाई आतून सारे ऐकत होती. कुशीतल्या मुलीच्या अंगावरचे फडके तिने नीट केले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"समद्यांत शानी ही येकलीच. कुनाचं ऐकलं न्हाई, आन वेळंवर आली."