गोल एकच भरावा

माणसाचं मन चंचल असतं, म्हणून त्याला निवडीचं स्वातंत्र्य द्यावं. पण मोजून द्यावं. ऑनलाइन अर्जातलं रेडिओ बटण नेमकं हेच करतं. चार गोल, त्यातला एकच भरायचा. दुसरा भरला की पहिला आपसूक रिकामा होतो. सगळेच रिकामे ठेवायची मात्र सोय नाही (ज्याला मतच नाही त्याचं कार्यालयात काय काम?).

आमच्या कार्यालयातल्या रजेच्या अर्जात असे एकशे बारा गोल आहेत. अर्ज समितीचा सचिव या नात्याने त्यातले नव्वद मी स्वतः बसवले. पूर्वी प्रत्येक प्रश्नाखाली 'अन्य' नावाचा गोल असे. पाहणीत आढळलं की शंभरातले त्र्याऐंशी लोक 'अन्य'च भरतात. एवढे लोक चुकतात म्हणजे काय! आम्ही 'अन्य' काढून टाकला. तेव्हापासून एकही माणूस 'अन्य' भरत नाही (सुधारणा: शंभर टक्के).

अशा सुरळीत कारभारात आवक-जावक टेबलाच्या बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या मावशीचं गुरुवारी पोटाचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी आता उशीर नको म्हणून बजावलं होतं. बाईंची आई त्या दोन वर्षांच्या असतानाच गेली. वाढवलं ते मावशीनं. मावशीला दुसरं कुणी नाही, आणि बाई जवळ असल्याशिवाय ती ऑपरेशनला तयार नव्हती. बाईंना पाच दिवस रजा हवी होती. अर्जात 'रुग्णाशी नाते' याखाली गोल होते आई, वडील, जोडीदार आणि अपत्य.

"साहेब, मावशी कुठे भरू?"

"मावशीची तरतूद नाही."

"अहो, माय मरो पण मावशी जगो म्हणतात!"

"त्या म्हणीला जावक क्रमांक आहे का?" मी विचारलं. नव्हता. जावक क्रमांक त्याच देतात, त्यामुळे त्यांना वादही घालता येईना.

बाईंनी 'आई' भरलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'नोंदीनुसार आपली आई मृत आहे. मृत व्यक्ती आजारी असू शकत नाही.' यात कुणी खोट काढून दाखवावी! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट मलाही वाटलं, पण वाईट वाटण्याचा गोल सचिवाच्या पडद्यावर नाही.

बुधवारी दुपारपर्यंत बाई रडल्या, मग चिडल्या, मग शहाण्या झाल्या. 'रजेचे कारण' या प्रश्नावर परत जाऊन त्यांनी 'स्वतःचा विवाह' भरलं. अर्जाने विचारलं, 'आपण विवाहित आहात. हा विवाह कितवा?' बाईंनी 'दुसरा' भरलं. क्षणात सात दिवस मंजूर, वर अभिनंदन (मागणार होत्या पाच, मिळाले सात. यंत्रणेला काळीज नाही असं कोण म्हणतं?).

नियमाप्रमाणे विवाहाला कार्यालयातर्फे पुष्पगुच्छ जातो. बाईंच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने दवाखान्याचा पत्ता दिला. शनिवारी मी स्वतः गुच्छ घेऊन वॉर्डात गेलो. ऑपरेशन नीट झालं होतं आणि मावशी उशीला टेकून बसल्या होत्या.

"ही फुलं कसली गं?"

"लग्नाची. माझ्या."

"अगोबाई! कधी केलंस?"

"बुधवारी. तुझ्यासाठीच केलं."

मावशींनी जरा विचार केला. "आणि जावई?"

"आहेत तेच. चहा आणायला गेलेत."

मावशी हसल्या, टाके दुखले म्हणून थांबल्या आणि परत हसल्या. बाईंचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

रजा संपवून आल्यावर बाईंनी दुसऱ्या लग्नाची नोंद रद्द करायची विनंती केली. पण भरलेला गोल रिकामा करता येत नाही, फक्त बदलता येतो. तिथे पर्याय दोन आहेत: 'घटस्फोट' आणि 'जोडीदाराचे निधन'. बाई म्हणाल्या, घरी विचारून सांगते.

तुम्ही आता आमच्या समितीला नावं ठेवत असाल. खुशाल ठेवा. पण 'अन्य' काढण्यापूर्वी आम्ही झाडून सगळ्यांना प्रश्नावली पाठवली होती: 'हा पर्याय काढावा का?' तुमची सोय व्हावी म्हणून 'हो'चा गोल आधीच भरून ठेवला होता. तुम्ही घाईत होता. न वाचता 'पुढे' दाबलंत. ती नोंद आमच्याकडे आहे, आणि आता तीही रिकामी करता येत नाही.