पास झालेले वाटाणे

गरजू घरांना शिधा पोचवणारी फूड बँक जाऊबाई चालवायच्या, आणि गेल्या वर्षी धाकट्या जावेने दिलेल्या पिठाच्या पाकिटात त्यांना अळ्या सापडल्या होत्या. एकदा बोलून गप्प बसल्या तर त्या जाऊबाई कसल्या? चार नातेवाईक जमले की अळ्यांचा विषय निघायचाच. यंदा धाकटीने मनाशी ठरवलं, आपलं खोकं असं गेलं पाहिजे की बाईंची बोलती बंद.

घोडचूक एवढीच झाली, की काय द्यायचं ते निवडायला तिने नवऱ्याला बसवलं.

नवरा कुलपांच्या कारखान्यात तपासनीस. प्रत्येक कुलूप स्वतः उघडून बघायचं, मगच बाहेर सोडायचं, हा त्याचा खाक्या. त्याच खाक्याने त्याने बिस्किटांचा पुडा फोडला, एक बिस्किट डोळे मिटून चघळलं आणि म्हणाला, "पास."

"अहो, फोडलेलं घेत नाहीत तिथे."

ते त्याला पटलं. त्याने दुसरा पुडा घेतला. पण पहिला चांगला निघाला म्हणून दुसराही चांगलाच, हे छातीठोकपणे कोण सांगणार? त्याने तोही फोडला. मग वाटाण्याचे डबे, सूपचे डबे, जॅमच्या बाटल्या. सगळा माल पास झाला आणि देण्यासारखं काही उरलं नाही.

बायकोने डोक्याला हात लावला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "न तपासता दिलं तर अळ्या. तपासून दिलं तर फोडलेलं. माझं चुकतंय कुठे ते सांग."

फोडलेलं टाकवत नाही, त्यामुळे खाणं आलं. सकाळी वाटाणे, दुपारी वाटाणे, संध्याकाळी सूपमध्ये वाटाणे. एक मधाची बाटली तेवढी तिने स्वेटरांखाली दडवली होती. त्याने ती हुडकून काढली. दडवलेला माल आधी तपासायचा, असा म्हणे कारखान्याचा नियमच होता.

जाऊबाई खोकं न्यायला आल्या तेव्हा दोघं सोफ्यावर आडवी पडली होती. खाऊन खाऊन अंगात उठायचं त्राण नव्हतं. जाऊबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. फळ्या रिकाम्या, कपाट रिकामं, डबे तळापर्यंत चाटूनपुसून साफ. त्यांचा चेहराच उतरला.

"इतकी वेळ आली आणि मला कळवलं नाहीस गं?" असं म्हणून त्या खाली गेल्या आणि गाडीतून एक सीलबंद खोकं घेऊन आल्या. ते बघताच नवऱ्याचा हात कात्रीकडे गेला.

पोट सांभाळत धाकटी अशी उठली की विचारू नका. तिने खोकं उचललं आणि जाऊबाईंच्या हातात परत कोंबलं. "न्या. हेच आमच्याकडून."

जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "तोंडचा घास काढून देतेस? आणि मी त्या मेल्या अळ्यांवरून तुला काय काय बोलले. आता सगळ्यांना सांगते, मन असावं तर आमच्या धाकटीसारखं."

हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. तरी खरं काय ते सांगून टाकावं असं तिला मनापासून वाटलं. तिने तोंड उघडलं, पण शब्दांच्या आधी वाटाण्यांचा ढेकर वर आला. तिने चटकन ओठ दाबले आणि मान खाली घातली. तिचे खांदे हलले.

जाऊबाईंनी तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"दाबून नको ठेवूस," त्या म्हणाल्या. "येऊ दे."