कांदेखाऊ आणि नहरीतला जिन

टण्ण! दुपारच्या शांततेत वाटी फरशीवर आपटली, वरणानं भिंतीवर नकाशा काढला आणि कांचनचं तलाठी भरतीचं पुस्तक सलग तिसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर मिटलं.

"आधी सांगा! कांदेखाऊ जिंकणार का जिन?" तिची पाच वर्षांची लेक तनू हटून बसली होती.

तनूला गोष्टी सांगत जेवू घालणं म्हणजे दोन आज्यांचं काम. कांचनच्या सासूबाई, द्वारकाबाई, वरणभाताला कांदेखाऊ राक्षस पुरवायच्या. वैजापूरच्या बाजारात राहणारा, रोज पोतंभर कांदे खाऊन ढसाढसा रडणारा! मग शेजारच्या शहजादीनानी ताकभाताला जिन आणायच्या. जुन्या नहरीत, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या पाटात, चारशे वर्षं झोपलेला, फक्त तहानलेल्या लेकरासाठी उठणारा. एक घास राक्षसाचा, एक जिनाचा, की पोर गाढ झोपायची. तेवढाच कांचनच्या अभ्यासाचा तास. पण आता तनूला दोघं एकाच गोष्टीत पाहिजे होते, आणि दोन्ही आज्या आपला गडी हरू द्यायला तयार नव्हत्या!

"त्यात काय एवढं?" कांचन म्हणाली. "सिनेमावाले नाही का, दहा सिनेमांतले हिरो एकात कोंबत? मी मोबाइलवर तसाच सिनेमा काढते. एकदा काढला की रोज दुपारी लावायचा. तुम्ही दोघी मोकळ्या, मी बी मोकळी!"

रविवारी सकाळी गच्चीवर शूटिंग. कांचनचा नवरा रामकिसन घोंगडी पांघरून राक्षस झाला. नानींचा मुलगा करीम हिरवी चादर गुंडाळून पाण्याच्या टाकीमागं जिन होऊन बसला.

"हं, भांडा!" कांचननं हुकूम सोडला.

"थांब गं," द्वारकाबाई म्हणाल्या. "राक्षस वैजापूरहून आलाय. पाव्हणा हाय. जिनानं आधी पाणी नाय विचारायचं?"

नानी उसळल्या. "हमारा जिन चार सौ साल का है! छोट्यानं आधी सलाम करायचा असतो."

"राक्षस सलाम करत नसतो!"

"तो जिन भी पानी नहीं पिलाता!"

शेवटी चहावर तह झाला. कांचन तीन जिने उतरून चहा करून आली. मग राक्षस म्हणतो "आधी तुम्ही", जिन म्हणतो "नहीं, पहले आप"! अकरा मिनिटं हेच. चहा निवला, भांडण राहूनच गेलं.

उरलं होतं राक्षसाचं रडणं. ते खरं वाटावं म्हणून कांचननं नवऱ्याच्या नाकाखाली चार कांदे फोडले. रामकिसन असा रडला, की टाकीवरची कबुतरं उडाली! समोरच्या गच्चीवर सारजाबाई पापड वाळवत होत्या. त्यांचं माहेर लासूर स्टेशन, आणि रामकिसनची आत्या भागूबाई लासूरलाच. दहाव्या मिनिटाला आत्याचा फोन.

"कांचन, पोरगं घोंगडी घेऊन गच्चीवर रडतंय म्हणं! घरातून काढलंस का काय त्याला?"

"आत्या, तो राक्षस झालाय!"

"नवऱ्याला राक्षस म्हणतीस व्हय गं?"

आत्या दुपारच्या गाडीनं हजर! त्यांची समजूत काढून संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. काय हसले! आत्या तर पदरानं डोळे पुसत होत्या. तनूनं सिनेमा तीनदा पाहिला. कांचनला वाटलं, जिंकलं आपण.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं आणि सिनेमा लावला. तनूनं दोन घास खाल्ले, तोंड मिटलं. "पाहिलाय."

मग आज्यांना बोलावणं गेलं. द्वारकाबाईंनी आवाज घोगरा केला. "मग कांदेखाऊ आला बरं का! धप्प... धप्प..."

"आज्जी, ते पप्पा आहेत."

"और नहर में से जिन..."

"करीममामू!"

नानी ओढणीचं टोक उगाच बोटाला गुंडाळत राहिल्या.

"माझ्या आईनं दिला होता गं मला कांदेखाऊ," द्वारकाबाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

कांचननं तिथल्या तिथं सिनेमा पुसून टाकला. पुसून उपयोग काय? तनूनं तो तीनदा पाहिला होता. तिनं घास कालवला, लेकीला मांडीवर घेतलं.

"तनुडी, तूच सांग. आज कांदेखाऊनं काय केलं असंल?"

तनूनं डोळे गच्च मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. मग तिनं डोळे उघडले.

"आई, पप्पा व्हायच्या आधी तो कसा दिसायचा गं?"